यंत्र बिघडले, तर पैसे कोणी द्यायचे?

पहिला दमदार पाऊस झाला की पेरणीसाठी वाफशाचे मोजकेच दिवस मिळतात. नेमका तेव्हा ट्रॅक्टर उभा राहिला, तर शेतकरी घासाघीस करत बसत नाही. मेकॅनिक मागेल ती रक्कम देतो आणि पेरणी उरकतो. त्याची झळ नंतर घरात लागते. मुलांची फी, अम्मीची औषधे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे, यातूनच तो खर्च निघालेला असतो. म्हणून हा प्रश्न घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

दुरुस्तीचे खर्च तीन प्रकारचे असतात, आणि तिन्हींचे उत्तर वेगळे आहे.

पहिला खर्च कारखान्यातल्या दोषाचा. वॉरंटीच्या मुदतीत असा दोष निघाला, तर तो कंपनीने विनामूल्य दूर करायचा असतो. हे काही उपकार नव्हेत. त्याची किंमत आपण खरेदीच्या वेळीच मोजलेली असते. मात्र अटी वाचाव्यात. ट्रॅक्टरची वॉरंटी सहसा वर्षे आणि चाललेले तास अशा दोन्ही मापांनी मोजतात. जे आधी पूर्ण होईल ते धरतात. ‘फ्री सर्व्हिस’मध्येही बहुधा मजुरीच माफ असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.

दुसरा खर्च झिजेचा. बेल्ट, क्लच प्लेट, रोटाव्हेटरची पाती वापराने झिजणारच. हा खर्च मालकाचा, आणि तो रास्त आहे. वेळेवर ग्रीस न घालता कंपनीला दोष देणे प्रामाणिकपणाचे नाही.

तिसरा खर्च मात्र वादाचा आहे. नव्या यंत्रांत संगणक बसवलेला असतो. बिघाड कुठे आहे हे फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरलाच कळत असेल, तर गावातला हुशार मेकॅनिकही हात टेकतो. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीविरुद्ध शेतकऱ्यांची हीच तक्रार होती. तिथल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदा केला, की शेतीयंत्रांच्या कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्यांना व बाहेरच्या मेकॅनिकलाही उपलब्ध करून द्यावे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर त्या कंपनीला न्यायालयात खेचले. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे त्यात घेतली. माझे मत स्पष्ट आहे: कुलूप कंपनीने लावले असेल, तर ते उघडण्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडू नये. मेकॅनिकची मजुरी मालकाने द्यावी, पण मेकॅनिक निवडण्याचा हक्क मालकाचाच असावा.

शाळेत पालक कधी कधी इंग्रजी कागद वाचून घ्यायला येतात. एका विद्यार्थ्याच्या अब्बांनी सौर पंपाचे कागद आणले होते. पंप तिसऱ्या वर्षी बंद पडला होता आणि दुरुस्तीला आलेला माणूस सहाशे रुपये घेऊन गेला होता.

“मॅडम, पंप सरकारी आहे. तक्रार तरी कुणाकडे करणार?” ते म्हणाले.

“भाई, पंप सरकारी नाही, तुमचा आहे. तुमचा हिस्सा तुम्ही भरलाय. आणि पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराकडेच आहे, इथे लिहिलंय बघा.”

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचे शेतकरी पाच टक्के रक्कम भरतात, आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते. आम्ही लेखी तक्रार केली, पंप विनामूल्य दुरुस्त झाला. सहाशे रुपये मात्र परत आले नाहीत, कारण त्यांची पावती नव्हती.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घरातल्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे. दुरुस्तीच्या वेळी जॉब कार्ड मागावे, पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. तक्रार लेखी करावी आणि तिची प्रत जपावी. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

‘शेती म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही,’ असे कुणी सांगितले तर ऐकू नये. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.

यंत्र घेताना आपण किंमत, हप्ता आणि सबसिडी विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा: बिघडले तर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि पैसे कोण देणार? उत्तर बिलावर लिहून घ्यावे. पेरणीच्या दिवसांत ते विचारायला उसंत मिळत नाही.