बालवाडीतील पहिले दिवस : समायोजनाची जबाबदारी कोणाची?

प्रस्तावना :
बालवाडीत प्रथमच येणारे मूल रडते, दाराशी घुटमळते, डबा उघडत नाही. या वर्तनास हट्ट समजण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. समायोजन ही बालकापेक्षा संस्थेची जबाबदारी अधिक आहे, हे प्रस्तुत लेखात मुळशी तालुक्याच्या संदर्भात मांडले आहे.

सैद्धांतिक आधार :
ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ मधील ग्रंथात माता व बालक यांच्यातील अनुबंधाची सविस्तर मांडणी केली. या दृष्टीने पाहता रडणे हा दोष नसून अनुबंधाची स्वाभाविक अभिव्यक्ती ठरते. आई नजर चुकवून निघून गेल्यास मुलाची असुरक्षितता वाढते. थोडक्यात निरोप घेऊन ठरल्या वेळी परत येणे, यातूनच विश्वास निर्माण होतो.

महाराष्ट्रातील पूर्वानुभव :
ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वंचित वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. परिचित अंगण, परिचित माणसे आणि परिसरातीलच साधने यांमुळे घर व शाळा यांतील अंतर कमी झाले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

मुळशीचा संदर्भ :
हिंजवडी परिसरात आईवडील दोघेही नोकरीस जातात. परप्रांतीय कुटुंबांतील मुलांना मराठीही अपरिचित असते. ताम्हिणीकडील वाड्यावस्त्यांवर जूनमधील प्रवेशानंतर लगेच मुसळधार पाऊस व भातलावणी सुरू होते. म्हणजेच मुलास आईची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ती खाचरात गुंतलेली असते. यास्तव पुढील उपाय सुचवावेसे वाटतात :
१) लावणीपूर्वी, मे महिन्यातच सेविकेने घरी जाऊन मुलाशी ओळख करावी.
२) पहिल्या आठवड्यात आई, आजी वा मोठ्या भावंडास वर्गात बसू द्यावे व वेळ क्रमाने वाढवावी.
३) मुलाच्या घरच्या बोलीतील काही शब्द सेविकेने आत्मसात करावेत.
४) घरातील एखादी आवडती वस्तू सोबत आणू द्यावी.

निष्कर्ष :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वयाची ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आहे. त्या पायाचा पहिला दगड म्हणजे पहिल्या आठवड्यातील विश्वास होय. शाळा मुलाच्या अंगणापर्यंत गेली, तरच मूल आनंदाने शाळेपर्यंत येईल.