लाकडी मासोळी पोहते कशी?

'मासा गळाला लागला' असे आपण सहज म्हणतो. खरे तर मासा येतो तो गळासाठी नव्हे, गळावरच्या आमिषासाठी. कोकणात खाडीच्या काठी बसलेली माणसे गळाला, म्हणजे तिकडच्या भाषेत गरीला, कोळंबी लावतात. नदीवर गांडूळ किंवा कणकेची गोळी चालते. पण खाण्यासारखे काहीही न लावता नुसती लाकडाची रंगवलेली मासोळी पाण्यातून ओढत नेली, तरी मोठा शिकारी मासा तिच्यावर झडप घालतो. त्यासाठी एकच अट असते, ती म्हणजे मासोळी नीट पोहली पाहिजे.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. आम्ही एका शाळेतील मुलांबरोबर अशा बारा मासोळ्या बनवल्या. दिसायला सगळ्या सुरेख होत्या. हौदात सोडल्यावर मात्र त्यांतल्या सात पोट वर करून तरंगू लागल्या आणि मुले पोट धरून हसली. त्या सात मासोळ्या उताण्या का पडल्या याचा शोध घेताना आमचे जे शिक्षण झाले, तेच येथे मांडत आहोत.

या कामात ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते फिनलंडमधील लाउरी रापाला. पाय्यान्ने सरोवरावर मासेमारी करून पोट भरणारे हे गृहस्थ. लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे आणि प्रत्येक गळाला आमिष लावत बसायचे, यात त्यांचा दिवस जाई. वल्ही मारता मारता त्यांनी एक गोष्ट हेरली. छोट्या माशांच्या थव्यावर मोठा मासा तुटून पडतो तेव्हा तो वाटेल त्या माशाला धरत नाही. जो किंचित डगमगत, लंगडल्यासारखा पोहतो, त्यालाच तो धरतो. मग आपले आमिषही तसेच डगमगले तर? १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा तुकडा चाकूने तासून पहिली मासोळी घडवली. चमक यावी म्हणून चॉकलेटवरची चंदेरी वर्खी त्यावर चिकटवली आणि पाणी आत जाऊ नये म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला, असे सांगतात. निगेटिव्हची फिल्म सेल्युलोजपासून बनते. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर तो लेप म्हणजे घरगुती लॅकरच. (हा प्रयोग कोणी करू नये. जुनी फिल्म भडकन पेटू शकते.) पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील 'लाइफ' साप्ताहिकात या मासोळीवर लेख आला आणि तिची मागणी कारखान्याला पुरवता येईना इतकी वाढली.

आता आपल्या हौदाकडे येऊ. बुचाचे लाकूड आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आम्ही पांगारा घेतला. पांगाऱ्याचे लाकूड मऊ आणि हलके असते. आमच्या तुकड्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.३ ग्रॅम भरली. सागाची घनता याच्या दुपटीहून जास्त असते. मासोळीची लांबी ९ सेंमी, उंची १.९ सेंमी आणि जाडी १.३५ सेंमी ठेवली. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा या आकाराचे घनफळ सुमारे १२ घन सेंमी येते. म्हणजे मासोळी पूर्ण बुडाली तर ती १२ ग्रॅम पाणी बाजूला सारणार. तिचे एकूण वजन १२ ग्रॅमहून कमी असेल तर ती तरंगेल, जास्त असेल तर तळ गाठेल. आर्किमिडीजचे तत्त्व मुलांना पाठ असतेच, येथे ते वहीत हिशोब म्हणून मांडावे लागते. लाकूड ३.६ ग्रॅम, आरपार तार, पुढची पट्टी आणि दोन गळ मिळून ४ ग्रॅम, रंग आणि लेप ०.६ ग्रॅम. बेरीज ८.२ ग्रॅम. मासोळी तरंगणार हे निश्चित.

पण कोणती बाजू वर ठेवून तरंगणार? हे नुसत्या वजनावरून कळत नाही. पाण्याचा वर ढकलणारा जोर, म्हणजे प्लावक बल, बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून लागतो. त्या बिंदूला आपण प्लवनमध्य म्हणू. मासोळीचे वजन मात्र तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. गुरुत्वमध्य प्लवनमध्याच्या खाली असला तर कलंडलेली मासोळी आपोआप सरळ होते. वर असला तर जराशा धक्क्याने ती उलटते. आमच्या सात मासोळ्यांत हेच झाले होते. सुरक्षिततेसाठी आम्ही मुलांना गळ लावू दिले नव्हते. पोटाखाली लोंबणारे तेच वजन नाहीसे झाले होते, आणि हौसेने पाठीवर चढवलेल्या लांबीच्या पुटांनी उरलेले काम केले.

यावर उपाय म्हणजे पोटात वजन घालणे. परदेशांतून यासाठी शिसे वापरत आले आहेत. ते आम्ही शाळेत टाळले, कारण शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये गळाच्या दोरीची शिशाची वजने गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून तेथे लहान वजनांत शिशावर बंदी आली. आम्ही सायकलच्या मागच्या चाकातले पाव इंची छर्रे घेतले. एका छऱ्याचे वजन १ ग्रॅमच्या किंचित वर असते. असे दोन छर्रे पोटात, मध्यरेषेच्या सुमारे ६ मिमी खाली बसवले की गुरुत्वमध्य साधारण १.२ मिमी खाली सरकतो. दीड मिलिमीटरसुद्धा नाही! पण सातही मासोळ्या सरळ झाल्या. गळांच्या ऐवजी तेवढ्याच वजनाचे वाशर पोटाखाली टांगले, तेव्हा तर त्या बोटाने पाडल्या तरी पडेनात.

येथे एका मुलीने चार छर्रे घालून पाहिले. तिची मासोळी इतकी स्थिर झाली की ओढल्यावर काठीसारखी सरळ येऊ लागली. रापालांना हवा असलेला लंगडेपणा त्यात उरलाच नाही. स्थिर राहायचे पण फार स्थिर नाही, अशी ही कसरत आहे, आणि आमच्या मते या साऱ्या खटाटोपातला खरा शिकण्याचा भाग हाच.

डगमग येते ती हनुवटीखालच्या पट्टीमुळे. ही पट्टी आम्ही टाकाऊ सीडीतून कापली, कारण सीडी पॉलिकार्बोनेटची असते आणि हे प्लॅस्टिक चिवट असते. मासोळी ओढली की पाणी तिरक्या पट्टीवर आपटते आणि डोके खाली दाबले जाते. म्हणून तरंगणारी मासोळी ओढताच बुडी मारते. पट्टीच्या दोन्ही कडांवरून पाणी निसटते तेव्हा मागे भोवरे तयार होतात, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे. वाऱ्यात झेंडा फडफडतो त्यातही असेच आळीपाळीचे भोवरे असतात. भोवरा ज्या बाजूला सुटतो त्या बाजूला डोके खेचले जाते, पोटातले वजन त्याला परत आणते, तोवर दुसऱ्या बाजूचा भोवरा तयार असतो. पट्टीची रुंदी १.५ सेंमी आणि वेग सेकंदाला ७५ सेंमी धरला, तर ढोबळ हिशोबाने सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे येतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा नावाचे इंद्रिय असते. पाण्याची अशी मंद थरथर त्याला चांगली कळते. गढूळ पाण्यात किंवा रात्रीही मासा या मासोळीवर येतो तो यामुळे. पट्टी जितकी शरीराच्या रेषेत तितकी बुडी खोल, आणि जितकी उभी तितकी मासोळी उथळ पाण्यात पण जोरात डोलते.

आता रंगकाम. बहुतेकांना ते शोभेचे वाटते, पण ते सगळ्यांत शास्त्रीय काम आहे. वरचा हिशोब पुन्हा पाहा. छर्रे धरून मासोळीचे वजन १०.३ ग्रॅम झाले, म्हणजे तरंगण्यासाठी हाताशी १.७ ग्रॅमच उरले. लाकडात तेवढे पाणी मुरले की मासोळी गेली तळाला. त्याआधीच लाकूड फुगून रंगाला तडे जातात ते वेगळेच. गळाच्या टोकाने पडलेला एक ओरखडाही पाण्याला पुरतो.

म्हणून पहिला थर लाकडाच्या छिद्रांत शिरणारा हवा. आम्ही स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख वापरली. आधी थंड लाकडावर लेप दिला आणि मासोळ्या उन्हात ठेवल्या, तर तासाभरात सगळीकडे बारीक फोड! लाकडातली हवा तापून प्रसरण पावली आणि ओल्या लाखेतून बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी उलटे केले. लाकूड आधी उन्हात तापवले आणि सावलीत आणून लेप दिला. लाकूड निवताना आतली हवा आकसते आणि लाखेला आत ओढून घेते. फोड एकही आला नाही. वायूंच्या प्रसरणाचा याहून चांगला धडा आम्हांला तरी ठाऊक नाही.

नुसती लाख पाण्यात पांढरी पडते, म्हणून अगदी शेवटी एपॉक्सीचा पारदर्शक लेप द्यायचा. मधले रंग निवडताना एक पथ्य पाळावे. ऑइलपेंटवर लॅकर मारू नये. लॅकरचे तीव्र थिनर खालच्या रंगाला फुगवते आणि त्याच्या सुरकुत्या पडतात. एपॉक्सीचे दोन भाग डोळ्यांच्या अंदाजाने न घेता मोजूनच घ्यावेत, प्रमाण चुकले तर लेप कायमचा चिकट राहतो. हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लेप ओघळू नये म्हणून मासोळी सावकाश फिरती ठेवावी लागते. बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली, ताटली फिरवणारी मोटर या कामाला उत्तम. आमची एक फसगतही सांगून ठेवतो. जुलैत दिलेल्या लेपावर तेलकट पांढुरकी साय आली. एपॉक्सीच्या हार्डनरमधील अमाइन दमट हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते, त्याची ही साय. कोमट पाण्याने ती पुसता आली, पण पुढच्या वेळी आम्ही पावसाळा संपण्याची वाट पाहिली.

रंग कोणते द्यायचे, यावर मासेमार तासन्‌तास वाद घालतात. आम्ही एवढेच सांगू की पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते, त्यामुळे काही मीटर खोलीवर लाल रंग काळपट दिसू लागतो. पाठ गडद आणि पोट फिकट ठेवावे, कारण बहुतेक खऱ्या माशांचे तसेच असते. माशाची चंदेरी चमक ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने येते. वर्खी तिची नक्कल बऱ्यापैकी करते. खवले हवे असतील तर मच्छरदाणीचा तुकडा ताणून धरावा आणि त्यावरून रंगाचा फवारा मारावा.

सगळे झाल्यावर मासोळीला दोरी बांधून हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावी. हाताने घडवलेली मासोळी पहिल्या खेपेला सरळ येत नाही, कारण तिच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. तिचे तोंड आपल्याकडे करून पाहावे. ती आपल्या डावीकडे जात असेल, तर दोरी बांधायची नाकातली कडी पक्कडीने उजवीकडे केसभर वाकवावी आणि पुन्हा ओढावी. आमच्या बारांपैकी अकरा अशा तीन-चार खेपांत सरळ आल्या. बारावी अजून डावीकडेच जाते. तिची पट्टी वाकडी बसली आहे, आणि मुलांनी ती काढू दिलेली नाही.