गोळीच्या जोडीला प्रशिक्षणाचा वर्ग



गावात रोपवाटिकेचा किंवा अळिंबीचा प्रशिक्षण वर्ग ठरला, की आधी नावांची यादी होते. त्या यादीत एक नाव कधीच नसते. ‘त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला कशाला?’ असे म्हणून ते आधीच गाळले जाते. आज त्या नावाबद्दल थोडे बोलू.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असे पक्के वाटणे, बोलण्यात संगती नसणे ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तेव्हा तो आपल्या गावातही असू शकतो. ही करणी नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच.

हा आळस नव्हे

औषधाने आवाज आणि संशय बऱ्याच जणांत आटोक्यात येतात. मागे राहतो तो निरुत्साह. उठावेसे वाटत नाही, अंघोळ नको, बोलणे नको. घरचे म्हणतात, ‘दोन वेळ खातो अन् पडून राहतो.’ पण हाही आजाराचाच भाग आहे, आणि यावर नुसती गोळी कमी पडते. ठरलेली वेळ, हाताला काम आणि चार माणसांत बसणे यांचा इथे खरा उपयोग होतो.

धिंगरी अळिंबीचेच घ्या. काड कापायचे, भिजवायचे, गरम पाण्यातून काढून पिशवीत थर देत बी पेरायचे. पुढे वेळच्या वेळी पाणी फवारायचे. काम हलके, सावलीतले आणि रोजचे. साधारण महिनाभरात पहिली तोडणी होते. ‘हे मी केलं’ असे म्हणायला मिळणे ही त्या माणसासाठी मोठी कमाई असते.

पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था याच वाटेने काम करते. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात.

वर्ग घेणाऱ्यांनी हे पाळावे

१) भल्या सकाळी वर्ग ठेवू नये. औषधाने सुस्ती येते.

२) एका वेळी एकच काम सांगावे आणि करून दाखवावे.

३) काही औषधांनी हात थरथरतात. कलमाचा चाकू लगेच देऊ नये, पिशव्या भरण्यापासून सुरुवात करावी.

४) काही औषधांवर असताना ऊन सोसत नाही. सावली आणि प्यायला पाणी हवेच.

५) कीटकनाशक हाताळायला देऊ नये. घरीही ते कुलपात ठेवावे. या आजारात माणूस जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका जास्त असतो.

६) मध्येच उठून बाहेर गेला तर अडवू नये आणि कुणाला चेष्टा करू देऊ नये. एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी बोलावणे धाडावे.

गोळी बंद नको

माणूस वर्गाला येऊ लागला, हसू-बोलू लागला, की घरचे म्हणतात, ‘आता बरा झाला, गोळ्या कशाला?’ घात होतो तो इथेच. पाने टवटवीत दिसली म्हणून आपण ठिबक बंद करतो का? औषध कमी करायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

ग्रामपंचायतीच्या हातात काय?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार मानसिक आजार हाही दिव्यांगत्वात मोडतो. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. प्रमाणपत्र असलेल्यांच्या प्रशिक्षणाचा विचार त्यातून जरूर व्हावा. अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ‘आरसेटी’ संस्थेत मोफत वर्ग असतात, तिथेही चौकशी करावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

पुढच्या वर्गाची यादी कराल, तेव्हा ते नाव लिहा. मात्र लिहिण्याआधी घरच्यांना नव्हे, त्यालाच विचारा, ‘काय रे, येतोस का?’