बेलेअरची पागा

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टनपासून साधारण २० मैलांवर बोवी नावाचं गाव आहे. तिथला ‘बेलेअर’ हा विटांचा वाडा १७४५च्या सुमारास गव्हर्नर सॅम्युअल ओगल यांच्यासाठी उभा राहिला. ओगल १७४७ साली इंग्लंडहून परतले, ते ‘स्पार्क’ हा घोडा आणि ‘क्वीन मॅब’ ही घोडी गलबतावर घालूनच. अमेरिकेतल्या थरोब्रेड पैदाशीचा पाळणा असा बेलेअरचा लौकिक आहे, त्याची सुरुवात इथली. या वाड्याची कीर्ती नेहमी नरांच्या नावाने सांगितली जाते. मला मात्र बेलेअरची खरी पुण्याई माद्यांची वाटते.

पहिलं नाव सेलिमाचं. ओगल यांचे मेव्हणे धाकटे बेंजामिन टास्कर यांनी ती इंग्लंडहून मागवली. तिचा बाप गोडॉल्फिन अरेबियन. महालक्ष्मीला किंवा पुण्याला धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेडचं पितृकुळ ज्या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन थांबतं, त्या तिघांतला हा एक. डिसेंबर १७५२मध्ये व्हर्जिनियातल्या ग्लॉस्टरला चार मैलांची शर्यत झाली. बक्षीस २,५०० स्पॅनिश पिस्तोल, म्हणजे त्या काळी डोळे फिरवणारी रक्कम. विल्यम बर्ड यांच्या ‘ट्रायल’सह सगळ्यांना मागे टाकून सेलिमाने मैदान मारलं. पुढे तिची शिंगरंही नावारूपाला आली.

तेव्हाच्या बेलेअरचा सगळा डोलारा गुलामांच्या कष्टावर उभा होता. मेरिलँडमध्ये गुलामगिरी संपली ती १८६४ साली. जनावरांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या या जगाने माणसांची नावं टिपण्यात मात्र हात आखडता घेतला. बेलेअरचा गौरव करताना ही गोष्ट वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

ओगल घराण्याचे दिवस पालटले, वाडा हातातून गेला. १८९८ साली जेम्स वुडवर्ड या बँकरने तो घेतला, नवी दगडी पागा बांधली, आणि १९१० साली सारं पुतण्याकडे, विल्यम वुडवर्ड यांच्याकडे आलं. हा माणूस घोड्यांनी झपाटलेला होता. फ्रान्समधून त्याने निवडून माद्या आणल्या, आणि केंटकीच्या क्लेबोर्न फार्मचे आर्थर हॅनकॉक व इतर भागीदारांबरोबर १९२५ साली सर गॅलाहॅड तिसरा हा नर विकत घेतला.

नर एका हंगामात कितीतरी माद्यांना लावता येतो. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. त्यामुळे चुकीच्या निवडीची किंमत घोडीच्या बाबतीत फार मोठी. वुडवर्डची मार्गरीट आयुष्यात एकच शर्यत धावली. पण तिच्या पोटी ट्रॅव्हर्स जिंकणारा पीटी-रॅक आला आणि सर गॅलाहॅडपासून १९२७ साली गॅलंट फॉक्स झाला. शिंगरं जन्मायची क्लेबोर्नला, वाढायची बेलेअरला. तिथून ‘सनी जिम’ फिट्झसिमन्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा पोशाख घातलेल्या अर्ल सँडे या जॉकीने १९३० साली गॅलंट फॉक्सवर प्रीकनेस, केंटकी डर्बी आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या. १९३५ साली त्याचा मुलगा ओमाहा यानेही तेच केलं. २०१८च्या जस्टिफायपर्यंत असे तेराच घोडे झाले, आणि त्यांत बापलेकांची जोडी ही एकच.

ओमाहाला वुडवर्डने पुढच्या वर्षी इंग्लंडला नेलं. अॅस्कॉट गोल्ड कपमध्ये तो अडीच मैल झुंजला आणि अगदी नाकभर अंतराने हरला. हरवणारी होती क्वॅश्ड नावाची घोडी!

बेलेअरचा शेवटचा मोठा घोडा नाशुआ. त्याचा बाप नसरुल्ला हा तिसऱ्या आगाखानांच्या पैदाशीतला. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच हे आगाखान. वुडवर्ड १९५३ साली वारले, म्हणून नाशुआची कारकीर्द मुलाने पाहिली. १९५५च्या डर्बीत स्वॅप्सने नाशुआला हरवलं; ऑगस्टअखेर शिकागोला दोघांचीच शर्यत लागली आणि नाशुआने परतफेड केली. ऑक्टोबरमध्ये धाकटे वुडवर्ड पत्नीच्या गोळीने मारले गेले. चोर समजून गोळी झाडली, असं तिने सांगितलं. ज्युरीने तिच्यावर खटला भरला नाही. पागा मोडली. नाशुआ १२,५१,२०० डॉलरला विकला गेला. दहा लाखांच्या पलीकडे गेलेला तो पहिला घोडा. त्याचा वारसाही मुलींकडूनच चालला. त्याच्या गोल्ड डिगर या मुलीच्या पोटी मिस्टर प्रॉस्पेक्टर झाला, आणि आज जगभरच्या वंशावळींत त्याचं नाव सापडतं.

१९५७ साली लेव्हिट या बिल्डरने जमीन घेतली. कुरणांवर हजारो घरं झाली. वाडा आणि पागा वाचल्या, दोन्ही ठिकाणी आता बोवी शहराची संग्रहालयं आहेत. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना एकदा तरी तिकडे न्यावं. तिथे वंशावळीचा तक्ता दिसला, तर आधी खालची ओळ वाचा. आईचं घराणं तिथे लिहिलेलं असतं.