आज्ञावली परवाने : कर्ते व वितरक यांतील विवाद

संगणकाची आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर लिहिणारा कर्ता आणि अशा हजारो आज्ञावली गोळा करून, त्यांची पॅकेजे बांधून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचविणारा वितरक यांच्यात परवान्याच्या अर्थावरून उद्भवणारे वाद. डेबियन, रेड हॅट, उबुंटू यांसारख्या लिनक्स परिचालन प्रणालीच्या वितरणांच्या संदर्भात हे वाद प्रामुख्याने झाले आहेत. विक्रीच्या आज्ञावलींबाबत कर्ता व वितरक यांच्यात रीतसर करार असतो. मुक्त आज्ञावलींचे तसे नाही. कर्ता एका देशात, वितरक दुसऱ्या देशात. त्यांच्यात पैशाची देवघेव नाही, बहुधा पत्रव्यवहारही नाही. त्यांना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे आज्ञावलीसोबत आलेला परवान्याचा मजकूर. म्हणून त्यातील एखाद्या वाक्याच्या अर्थावरून वर्षानुवर्षे वाद चालू शकतो.

वितरक केवळ प्रती काढत नाही. कर्त्याने लिहिलेल्या मूळ संहितेचे तो यंत्रसंहितेत रूपांतर करतो, फाइलींच्या जागा आपल्या प्रणालीच्या शिस्तीत बसवितो, सुरक्षेतील दोष आढळल्यास जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती करतो. या प्रत्येक कृतीला प्रताधिकार कायद्यानुसार कर्त्याची अनुमती लागते, कारण बहुतेक देशांत आज्ञावलीला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे (भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाखाली). येथे एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतः लिहिलेल्या संहितेचा परवाना कर्त्याकडून मोडला जाऊ शकत नाही, कारण तो तिचा मालकच असतो. जोखीम असते ती वितरकावर. त्यामुळे कर्त्याला जे वितरकाचे अनाठायी कीसकाढू धोरण वाटते, ते वितरकाच्या दृष्टीने सावधपणाचे असते. [⟶ प्रताधिकार].

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. या परवान्याखालील आज्ञावलीत फेरबदल करून ती पुढे देणाऱ्याने संपूर्ण मूळ संहिता त्याच अटींवर दिली पाहिजे व स्वतःच्या जादा अटी घालता कामा नयेत, हे त्याचे मर्म. डेबियनने १९९७ मध्ये मुक्त आज्ञावलीचे निकष संमत केले. फेरबदल करण्याची व फेरबदल केलेली प्रत वाटण्याची मुभा त्यांनुसार आवश्यक आहे. मात्र बदललेल्या आज्ञावलीला वेगळे नाव द्यावे, अशी अट कर्त्याला घालता येते. ही सवलत तेव्हा किरकोळ वाटली असेल. पुढे एका मोठ्या वादाचा निकाल तिच्याच आधारे लागला.

प्रारंभीचा गाजलेला वाद केडीई या दर्शनी प्रणालीचा. तिचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. तिचा परवाना जीपीएल होता. पण ती नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटी या आज्ञावलीसंचावर उभी होती व त्या संचाचा परवाना मुक्त नव्हता. कर्त्यांना यात काही अडचण दिसली नाही. दोहोंची जोडलेली यंत्रसंहिता वाटण्याची अनुमती आपल्याला कोणी दिली, असा डेबियनचा प्रश्न होता. १९९८ मध्ये डेबियनने केडीई वगळली. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली उपलब्ध झाली आणि वाद मिटला. डॅनिएल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेल या टपालप्रणालीबाबत अडचण उलट दिशेची होती. तिची मूळ संहिता सर्वांना खुली होती. परंतु कर्त्याच्या संमतीवाचून फेरबदल केलेली प्रत वाटता येत नव्हती. म्हणून डेबियन मूळ संहिता व दुरुस्त्या वेगवेगळ्या देई आणि जुळणी वापरणाऱ्यालाच करावी लागे. अखेर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी क्यूमेल सार्वजनिक मालकीची केली.

सर्वांत कडवट वाद झाला तो तबकड्यांवर माहिती नोंदविणाऱ्या सीडीआरटूल्स या आज्ञावलीसंचावरून. त्याचे कर्ते बर्लिनचे यॉर्ग शिलिंग (मृत्यू २०२१) हे या विषयातील जाणकार होते. तबकडीयंत्रांच्या नाना तऱ्हा त्यांच्याइतक्या क्वचितच कोणाला ठाऊक असतील. २००६ मध्ये त्यांनी संचातील जुळणीच्या सूचनाफाइली सन मायक्रोसिस्टिम्सच्या सीडीडीएल परवान्याखाली आणल्या. उरलेली बरीच संहिता जीपीएलखालीच होती. यंत्रसंहिता देणाऱ्याने जुळणी व स्थापना यांचे नियंत्रण करणाऱ्या सूचनाही दिल्या पाहिजेत, असे जीपीएलच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. त्या सूचना जीपीएलच्याच अटींवर दिल्या पाहिजेत, असा डेबियनने या कलमाचा अर्थ लावला. सीडीडीएलच्या अटी जीपीएलशी जुळत नसल्याने संपूर्ण संच वाटता येणार नाही, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. सूचनाफाइली ही स्वतंत्र कृती आहे, त्या उपलब्ध करा एवढेच कलम सांगते, त्यांचा परवाना कोणता असावा हे सांगत नाही, असे शिलिंग यांचे प्रतिपादन होते. कलमाच्या शब्दांवरून दोन्ही अर्थ निघू शकतात, हे निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे.

डेबियनने त्याच वर्षी जुन्या, निर्विवाद आवृत्तीतून सीडीआरकिट नावाची स्वतंत्र शाखा काढली व आज्ञावलींची नावेही बदलली. सीडीरेकॉर्डचे वोडिम झाले. इतर अनेक वितरणांनी तोच मार्ग धरला. या शाखेत जुने दोष तसेच राहिले असून नवे शिरले आहेत, अशी तक्रार शिलिंग अखेरपर्यंत करीत राहिले. ती अगदीच निराधार नव्हती. शाखा काढणे सोपे, पण तीत वर्षानुवर्षे लक्ष घालणारा जाणकार मिळणे कठीण, हा अनुभव येथेही आला. कायद्याच्या दृष्टीने डेबियनने सुरक्षित मार्ग निवडला खरा. त्याची किंमत मात्र तबकडी नोंदविताना अडखळणाऱ्या सामान्य वापरकर्त्याने मोजली.

फायरफॉक्स या न्याहाळकाविषयीचा वाद प्रताधिकाराबरोबरच व्यापारचिन्हाचाही होता. त्याची संहिता मुक्त होती. पण बोधचिन्हाचा परवाना मुक्त नसल्याने डेबियन बोधचिन्ह वगळून केवळ नाव वापरीत असे. नाव वापरायचे तर बोधचिन्हही वापरावे आणि संहितेतील फेरबदल आधी संमत करून घ्यावेत, अशी भूमिका मोझिलाने २००६ मध्ये घेतली. आपल्या नावाखाली भलतीच वस्तू खपू नये, ही व्यापारचिन्हधारकाची अपेक्षा रास्त होती. परंतु डेबियनची स्थिर आवृत्ती काही वर्षे तीच राहते व तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीने कराव्या लागतात. प्रत्येक वेळी बाहेरच्या संमतीची वाट पाहणे शक्य नव्हते. डेबियनने नावच सोडले. एप्रिल २००७ मधील आवृत्तीत हाच न्याहाळक आइसवीझल या नावाने आला. पुढे बोधचिन्हाचा परवाना मोकळा झाला, डेबियनच्या फेरबदलांनी गुणवत्तेस बाध येत नाही हे मोझिलाने मान्य केले, आणि २०१६ मध्ये मूळ नाव परत आले. सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेने तयार केलेली बॉस ही परिचालन प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. असे निर्णय मूळ वितरणापुरते मर्यादित राहत नाहीत, ते त्यावर उभारलेल्या प्रणालींपर्यंत झिरपतात.

वितरकाच्या हस्तक्षेपाविषयी कर्त्यांना वाटणारी धास्ती निष्कारण नाही. ओपनएसएसएल या गुप्तलेखन आज्ञावलीत २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजकाराने तपासणी साधनाच्या इशाऱ्यावरून काही ओळी निष्क्रिय केल्या. त्याने आधी कर्त्यांकडे विचारणा केली होती. पण प्रश्नाचा रोख पुरता उमगला नाही. या बदलामुळे यादृच्छिक संख्यांचा स्रोत जवळजवळ आटला आणि एका प्रकारच्या व आकाराच्या गुप्त किल्ल्या केवळ ३२,७६८ संभाव्य किल्ल्यांपैकीच निघू लागल्या. मे २००८ मध्ये दोष उघड झाला आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. हा फेरबदल परवान्यानुसार पूर्णतः वैध होता, हे येथे ध्यानात घ्यावे. एक्सस्क्रीनसेव्हरचे कर्ते जेमी झविन्स्की यांची २०१६ मधील तक्रारही याच जातीची. फार जुनी आवृत्ती चालू असल्यास तशी सूचना पडद्यावर यावी, अशी योजना त्यांनी केली होती. कारण डेबियनमधील जुन्या प्रतीत केव्हाच दूर झालेल्या दोषांविषयीची पत्रे त्यांनाच येत. ती सूचना काढून टाकण्याची मुभा त्यांच्याच परवान्याने दिलेली होती. त्यांचा आक्षेप कायद्यापेक्षा सौजन्याचा होता, व सौजन्याविषयी परवान्यात कलम नसते.

हे वाद क्वचितच न्यायालयात जातात. मुक्त परवान्याच्या अटी मोडल्यास प्रताधिकाराचा भंग होऊ शकतो, असे अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात म्हटले. पण परस्परांशी न जुळणारे दोन मुक्त परवाने एकत्र आल्यास काय, हा प्रश्न तेथे नव्हता. तो झेडएफएस या सीडीडीएलखालील फाइलप्रणालीच्या निमित्ताने पुढे आला. एप्रिल २०१६ मध्ये उबुंटूने ती लिनक्सच्या गाभ्याला जोडता येईल अशा तयार यंत्रसंहितेच्या रूपात दिली. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने त्यापूर्वीच याला जीपीएलचा भंग ठरविले होते. उबुंटूमागील कॅनॉनिकल कंपनीने आपल्या कायदेशीर सल्ल्यावर विसंबून ते अमान्य केले. डेबियनने तीच फाइलप्रणाली मुख्य विभागाबाहेर, मूळ संहितेच्या रूपात ठेवली आहे. तेथे तिची जुळणी वापरणाऱ्याच्या यंत्रावर होते.