गळाची काठी, सालीची मूठ

करमाळा तालुक्याच्या कडेने उजनीचे पाणी पसरले आहे. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि कंदर, वांगी, केत्तूर अशा गावांच्या शिवारात मासेमारी हा धंदा होऊन बसला. खरी कमाई जाळ्याची. पण काठावर गळ टाकून चिलापीची वाट पाहणारेही असतातच. त्यांच्या बांबूच्या काठीला वेगळी मूठ नसते; जाड बुडखा हीच मूठ. फार तर त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची.

हौशी गळकऱ्यांच्या जगात मात्र मुठीवरून वाद झडतात. मूठ हलकी हवी, ओल्या हातातून सटकायला नको आणि थंडीत गार पडायला नको. हे तिन्ही गुण झाडाच्या सालीत असतात. सर्वांत रुळलेली साल बुचाची, म्हणजे भूमध्य सागराच्या आसपास वाढणाऱ्या एका ओकची. जगातले जवळजवळ निम्मे बूच एकटा पोर्तुगाल देतो. झाड पंचविशीला आले की पहिली साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. फक्त बाहेरचा मेलेला थर सोलायचा. आतल्या जिवंत सालीला धक्का लागला नाही तर झाड तगते. तीच खोडाभोवती खरवडली तर संपते.

अर्धा इंच जाडीच्या बुचाच्या चकत्या ओळीने चिकटवल्या की सात इंची मुठीला चौदा पुरतात.

भूर्जाच्या सालीला इतक्यात भागत नाही. पोथ्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या भूर्जपत्राचे गोत्रज उत्तर युरोपात आणि रशियात मुबलक आहेत. तिथे सुऱ्यांच्या आणि गळाच्या काठ्यांच्या मुठी या सालीच्या करतात. पातळ सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, मधोमध भोक पाडायचे, सळईवर ओवत प्रत्येक थराला पाण्याला दाद न देणारा गोंद लावायचा. शंभरावर तुकडे सहज लागतात. मग सगळी चवड दोन्ही टोकांनी आवळून सुकवायची, लेथवर गोल करायची आणि सँडपेपरने घासायची. थरांच्या तपकिरी रेघा आपोआप उमटतात, वेगळी नक्षी लागत नाही. शेवटी आतले भोक काठीच्या उताराप्रमाणे कानशीने रुंद करायचे. इथेच घाई नडते. सैल बसलेली मूठ पहिल्या मोठ्या माशालाच फिरते.

गंमत म्हणजे काठीच्या इतिहासात आपल्याकडचा बांबूही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर भारतातून जाणारा भरीव बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या जोडून काठ्या बनवत. त्या बांबूला तिकडे नाव कलकत्त्याचे. पुढे चीनमधल्या बांबूने त्याला मागे टाकले.

आणि आपले बुचाचे झाड? पहाटे सडा पडणाऱ्या ज्याच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांची पोरी दोऱ्याशिवाय वेणी घालतात, त्या झाडाचे नावच सालीवरून पडले. भेगाळलेली ही साल खऱ्या बुचाऐवजी हलक्या कामाला वापरत. मुठीसाठी मात्र ती कच्ची, चटकन भुगा होणारी. गळून पडलेला जाड तुकडा मिळालाच तर तो दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवावा. चिलापीने आमिष ओढले की तो बुडेल.