तळ्यात क्रेफिश का सापडत नाही?

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावतळ्याची पाहणी करताना नोंदीचा तक्ता इंग्रजी पुस्तकावरून केलेला असेल, तर त्यात ‘क्रेफिश’ हा रकाना हमखास असतो. क्रेफिश म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातील भाऊबंद. जाळ्यात लांब नांग्यांचा झिंगा आला की मुले त्या रकान्यात खूण करून मोकळी होतात. तेथे त्यांना थांबवावे. भारतात मूळचा क्रेफिश एकही नाही. अमेरिका, युरोप, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, इतकेच काय मादागास्करमध्येही तो आहे. भारत आणि आफ्रिकेची मुख्य भूमी मात्र त्याच्यावाचून आहे.

मग तो पुस्तकांत इतका कसा? हक्स्ले यांनी १८८० साली प्राणिशास्त्राची ओळख करून देणारे पुस्तक याच एका प्राण्यावर बेतले आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळांत तो रूढ झाला. आपल्याकडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील एस. एस. पटवर्धन यांनी १९३७ साली आपल्या नद्यांतील झिंग्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हाताशी असलेला प्राणी अभ्यासावा, हे त्यांनी करून दाखवले.

दोघांतील फरक विद्यार्थ्यांना पायांवरून सांगता येतो. झिंग्याच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्यांना चिमटे असतात व दुसरी जोडी सर्वांत लांब असते. क्रेफिशच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात आणि पहिलीच जोडी सर्वांत दणकट असते. झिंग्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटलेले असते, तो पोहतो. क्रेफिश बहुधा तळाशी चालतो. भिंगातून हे मोजायला पाच मिनिटे पुरतात.

‘सापडला नाही’ ही नोंदसुद्धा कमवावी लागते. एकाच घाटावर चार वेळा जाळे फिरवून तळ्याविषयी काही म्हणता येत नाही. पाणवनस्पती, गाळ, दगड, मोकळे पाणी अशा प्रत्येक ठिकाणी सारख्याच वेळा जाळे फिरवावे आणि ती संख्या लिहून ठेवावी. काठाच्या काळ्या मातीतील बिळांत राहणारे खेकडे जाळ्यात येतच नाहीत; त्यांच्यासाठी बिळे मोजावीत. (बिळात हात घालण्याचा उत्साह शिक्षकांनीच आवरावा, आत साप असू शकतो.) खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली चिमुकली पिले दिसली तर तिला लगेच सोडावे. गोड्या पाण्यातील खेकड्यांची पिले अंड्यातून खेकड्याच्याच रूपात बाहेर येतात.

हा रकाना तरीही खोडू नये. शोभेच्या टाक्यांसाठी विकला जाणारा संगमरवरी क्रेफिश नराशिवाय वाढतो; एका मादीपासून वसाहत उभी राहते. १९९०च्या दशकात तो जर्मनीतील टाक्यांत प्रथम लक्षात आला आणि पुढे मादागास्करमध्ये झपाट्याने पसरला. कोणी कंटाळून टाकी तळ्यात रिकामी केली, तर पहिली चाहूल शाळेच्या जाळ्यालाच लागू शकते. तीन जोड्यांना चिमटे असलेला प्राणी मिळाल्यास तो पाण्यात परत सोडू नये. छायाचित्र, तारीख व ठिकाण यांसह तो जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवावा, किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्राला कळवावे.